तांडेलाचा शेवट

कुमुद घरत कादंबऱ्या वाचत नसे. शेजारच्या शोभाने फार आग्रह करून दिलेली एक कादंबरी तिने चार पानं चाळून परत केली होती. "हे कुठं झालंच नाही," ती म्हणाली होती, "मग मी कशाला जीव टांगणीला लावू?"

तिला घडून गेलेलं लागायचं. लढाया, तह, बंडं, दुष्काळ, बुडालेली राज्यं. त्याहून जास्त आवडायची ती माणसांची चरित्रं. मोठ्या माणसाला सकाळी खायला काय लागायचं, भावाशी त्याचं का पटत नव्हतं, हे ती चवीने वाचे. बायकोचं नाव फक्त लग्नाच्या आणि मरणाच्या पानावर आलं, तर त्या मोठ्या माणसाबद्दलचं तिचं मत जरा उतरत असे. तिचं माहेर चिरनेरचं. तिथे दर वर्षी जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांसाठी सभा भरायची. लहानपणी ती पहिल्या रांगेत बसायची आणि भाषणं संपली की आईला विचारायची, त्या दिवशी गोळीबार झाल्यावर गावात चुली पेटल्या का, पोरांना कोणी जेवायला घातलं का. हे कोणीच सांगत नसे. पुढे पुस्तकांतही ती तेच शोधत राहिली.

सासरचं गाव विमानतळात गेलं आणि घरत कुटुंब करंजाड्याच्या इमारतीत राहायला आलं. मुलगा निकेश लग्नानंतर बायकोला, मनस्वीला घेऊन उलव्याला गेला. घरी उरले कुमुद आणि तिचा नवरा बाळाराम. बाळाराम जासईच्या कंटेनर यार्डात कंटेनर उचलणारी मोठी मशीन चालवायचा. त्याची पाळी दुपारची असली की कुमुदला दुपार मोकळी मिळायची. भांडी आवरून, चहा घेऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, पाय स्टुलावर टाके आणि पुस्तक उघडे. शेअर रिक्षाने पनवेलात जाऊन वाचनालयातून पुस्तकं आणायची. तिथल्या सुमतीबाई नवं चरित्र आलं की तिच्यासाठी बाजूला ठेवायच्या. तेवढ्या दुपारपुरतं तिला कोणी काही मागत नसे. ती वाचता वाचता हसे, मध्येच "अरे मेल्या" असं एखाद्या सरदाराला म्हणे, कंटाळवाण्या वंशावळी सरळ ओलांडून पुढे जाई.

बाळाराम याला 'मेलेल्या मान्सांच्या भानगडी' म्हणायचा. तो वाईट बुद्धीने बोलत नव्हता. बायको यात इतकी कशी रमते, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

मग त्याच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली. आधी तो हसण्यावारी नेत राहिला. पाण्याचा तांब्या हातातून सुटला तेव्हा हात ओले होते म्हणाला. एक दिवस यार्डात त्याने कंटेनर दुसऱ्या कंटेनरवर वाकडा ठेवला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सुपरवायझरने त्याला घरी पाठवलं आणि परत बोलावलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे तपासण्या झाल्यावर नर्स बाळारामला बाहेर घेऊन गेली आणि डॉक्टरांनी निकेशला आणि कुमुदला आत बसवून घेतलं.

स्नायूंकडे जाणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. हात जातील, पाय जातील, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हा आजार बरा करणारं औषध नाही.

लिफ्टची वाट बघताना निकेश म्हणाला, "बाबांना यातलं काही सांगायचं नाही. ते हिंमत सोडतील. नसा दबल्यात, एक्सरसाइजने ताकद येईल, एवढंच बोलायचं. ओके?"

कुमुदने मान हलवली. बाहेर बाकावर बाळाराम चपलेत पाय घालायची खटपट करत बसला होता. ती खाली वाकली आणि त्याच्या पायात चप्पल सरकवत म्हणाली, "नसा दबल्यात म्हणतात. व्यायाम करावा लागेल."

"मी बोल्लोच व्हतो," बाळाराम म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला.

व्यायाम करून घ्यायला हुदा यायला लागली. पनवेलच्याच एका दुकानदाराची मुलगी, नुकतीच फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेली, डोक्याला स्कार्फ, आवाज मऊ. "अंकल, माशाल्ला, आज पाय छान उचललात," असं ती म्हणायची आणि कुमुदकडे बघणं टाळायची. तिला सगळं माहीत होतं.

बाकीचा दिवस बाळारामला खायला उठायचा. टीव्हीचा त्याला वीट आला. रिमोट बोटांतून निसटायचा आणि दर वेळी कोणाला तरी हाक मारायची त्याला लाज वाटायची. एका दुपारी कुमुद खिडकीपाशी वाचत असताना तो पलंगावरून म्हणाला, "काय वाचतेस येवढं? मोठ्यान वाच की."

कुमुदला ते आवडलं नाही. ही एकच वेळ तिची होती. सकाळपासून ती त्याला उठवत, धूत, भरवत होती, आणि आता हीपण वेळ द्यायची. तिला राग आला आणि लगेच त्या रागाची शरम वाटली. ती मोठ्याने वाचायला लागली. जीभ डोळ्यांइतकी धावत नाही. वंशावळी ओलांडता येईनात. बाळाराम प्रत्येक ओळीला अडवायचा. तोफ किती वजनाची, ती घाटावर बैलांनी ओढली की माणसांनी, बैल किती मेले? पुस्तकात ते नसायचं. "मंग लिवणाऱ्यान इचारलं कसं नाय कोनाला?" तो म्हणायचा. कुमुदला हसू यायचं, कारण लहानपणी चिरनेरला तिचंही हेच गाऱ्हाणं होतं.

हळूहळू त्याला गोडी लागली. कुमुद स्वयंपाकघरात असली तरी तो हाक मारून विचारी, तो किल्लेदार फितूर झाला का गं? जेवताना दोघं अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल घरच्या पाहुण्यांसारखं बोलू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण यार्डातली पाळी, भाजी आणि निकेशची फी यापलीकडे त्यांचं असं बोलणं कधी झालं नव्हतं. कुमुदला वाटे, हे आधी का झालं नाही. मग तिची नजर त्याच्या हातांकडे जाई. अंगठ्याजवळचं मांस झडून तिथे खळगा पडला होता.

दिवाळीनंतर सुमतीबाईंनी तिला एक जाड चरित्र दिलं. भिवा तांडेल नावाच्या दर्यावर्दी माणसाचं. दीडशे वर्षांपूर्वी तो इथल्याच खाडीतून मिठाने भरलेलं गलबत घेऊन अरबांच्या मुलखापर्यंत आणि तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचा. कोणा निवृत्त मास्तरांनी वर्षानुवर्षं माहिती जमवून ते लिहिलं होतं. बाळारामच्या आजोबांची मिठागरं होती, आणि स्वतः त्याने सारा जन्म बोटीवरून आलेले कंटेनर उचलण्यात घालवला होता. तो या पुस्तकावर अक्षरशः तुटून पडला. तांडेलाने वादळात डोलकाठी तोडायला लावली तो भाग त्याने पुन्हा वाचून घेतला.

"वजन वर असंल तर खालचं हलतं," तो म्हणाला. "तोडली ते बरोबर केलं त्यानं. मीबी तेच केलं असतं."

त्या दिवसांत त्याचं बोलणं थोडं जड व्हायला लागलं होतं. शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या यायच्या. पाणी पिताना ठसका लागायचा.

कुमुदला पुस्तकात पुढे डोकावायची जुनी खोड होती. तो झोपलेला असताना एका सकाळी तिने शेवटचं प्रकरण उघडलं आणि ओट्यापाशी उभ्यानेच वाचून काढलं.

झांझिबारला असताना भिवा तांडेलाचा हात गेला. मग पाय. वारा फिरायच्या आत निघायला हवं म्हणून त्याचे सोबती त्याला एका व्यापाऱ्याच्या वखारीत ठेवून परत फिरले. पुढच्या मोसमात येऊन नेतो म्हणाले, पण कोणी आलं नाही. तांडेलाची वाचा गेली. नारळाच्या काथ्याच्या ढिगाऱ्याशेजारी तो दोन पावसाळे तसाच पडून होता. त्याला सगळं कळत होतं, असं त्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं होतं. कारण मिठाची गोणी उतरवताना आवाज झाला की त्याचे डोळे तिकडे वळायचे. मास्तरांनी काहीच लपवलं नव्हतं. अंगाला पडलेल्या जखमाही लिहिल्या होत्या.

कुमुदने पुस्तक मिटलं आणि गॅस बंद करायचा राहिला होता तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाराम उशीला टेकून तयारीत बसला होता. "आज संपंल ना?"

"संपेल," ती म्हणाली. पुस्तक मांडीवर घेऊन ती वाचू लागली. हात गेला इथपर्यंत तिने लिहिलेलं वाचलं. बाळारामचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. पुढची ओळ तिला दिसत होती, पण तोंडातून दुसरीच बाहेर पडली. सोबत्यांनी तांडेलाला झोळीत घालून गलबतावर चढवलं. वाऱ्याने साथ दिली. एका सकाळी दुरून कर्नाळ्याचा सुळका दिसला आणि त्याच्या जिवाला बरं वाटलं. खाडीच्या तोंडाशी बायको वाट बघत उभी होती. तिने त्याला पेज पाजली, तेल चोळलं. कुमुदने ओळीवरून ओळीवर नजर फिरवत ठेवली, वेळ साधून पान उलटलं.

"बरा झाला?" बाळारामने विचारलं.

"थोडा. काठी घेऊन चालायला लागला. मग म्हातारा होऊन गेला."

बाळारामने उशीवर मान टेकवली. मग म्हणाला, "मिठाला जागला दर्या."

त्या संध्याकाळी त्याने हुदाला नेहमीपेक्षा जास्त वेळ व्यायाम करायला लावला. कुमुद दारात उभी राहून बघत होती. त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. पाय चादरीपासून बोटभरही सुटत नव्हता.

पुढच्या रविवारी निकेश आणि मनस्वी आले. निकेश कुमुदला घेऊन चाकांची खुर्ची बघायला पनवेलात गेला. घरी मनस्वी आणि बाळाराम होते. बाळारामने सुनेला तांडेलाचं पुस्तक कपाटावरून काढायला सांगितलं आणि शेवटचं प्रकरण वाच म्हणाला. मनस्वी इंग्रजी शाळेत शिकलेली. जोडाक्षरांपाशी ती थांबत होती, एकेक शब्द लावत होती. आपण काय वाचतोय हे तिला बरंच पुढे गेल्यावर उमगलं. ती थांबली.

"वाच," बाळाराम म्हणाला.

"बाबा, नको ना. दुसरं काहीतरी वाचू."

"वाच पोरी. संपव."

तिने संपवलं. तो म्हणाला, सासूला आणि नवऱ्याला यातलं सांगू नकोस. ती कबूल झाली, पण खुर्ची घेऊन दोघं परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं आणि सर्दी झाल्याचं तिने सांगितलं.

बाळारामने दोन-चार दिवस जाऊ दिले. मग एका दुपारी हुदा आपली बॅग उचलून निघून गेल्यावर तो म्हणाला, "तांडेल घरी नाय आला."

कुमुद त्याचा घाम पुसत होती. तिचा हात थांबला.

"मला त्याच दिशी शंका आली व्हती," तो सावकाश, एकेक शब्द ओढत बोलला. "जिवाला बरं वाटलं. पुस्तक असं बोलत नाय. तू बोलतेस. मनस्वीकडून वाचून घेतलं."

"तुमाला तरास होईल म्हणून..."

"कादंबरी हातात धरत नाय तू. खोटं नको म्हणून. आनि मला खोटं वाचलंस." त्याला ठसका लागला. तो थांबेपर्यंत तिने त्याची पाठ धरून ठेवली. मग तो म्हणाला, "तांडेलाचं नाय इचारत. माझं काय?"

"नसा दबल्यात..."

"कुमुद."

त्याने तिला याआधी नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. तो नेहमी 'आयकतेस का' म्हणायचा. ती पलंगाच्या कडेला बसली आणि इस्पितळातल्या खोलीत डॉक्टर जे बोलले ते तिने सगळं सांगितलं. हात, पाय, गिळणं, बोलणं, श्वास. काही गाळलं नाही. सांगताना तिचा आवाज वाचताना असायचा तसा सपाट येत होता, त्याचं तिलाच नवल वाटलं.

"डोकं?"

"डोकं राहील."

"तांडेलासारखं."

"हो."

बाळारामने मान भिंतीकडे वळवली. मान तेवढी अजून त्याची होती.

दुसऱ्या दिवशी हुदा आली तेव्हा तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नको. तुझी चूक नाय." हुदा कुमुदच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिला कळलं. जिन्यात कुमुदचा हात धरून ती म्हणाली, "आंटी, मलापण फार जड जायचं. अल्ला त्यांना आसानी देवो." आणि भराभर खाली उतरून गेली.

बाळाराम कुमुदशी बोलेना. तिच्या हातून जेवेना. भुकेने कासावीस झाला तरी तोंड मिटून घ्यायचा. शेवटी शोभा येऊन भरवायची, तेव्हा खायचा. शोभा ओशाळून कुमुदकडे बघायची. व्यायाम बंद झाल्यावर त्याचे सांधे धरायला लागले आणि कूस बदलताना तो कण्हू लागला. निकेशला कळलं तो दिवस कुमुदला पुढे फार आठवत राहिला.

"काय गरज होती सांगायची?" निकेश स्वयंपाकघरात, दार लोटून, दबक्या आवाजात बोलत होता. "आपलं ठरलं होतं ना? बघ त्यांची कंडिशन. ट्राय करणंच सोडलंय त्यांनी. पुस्तकं वाचून वाचून तुला वाटतं की सगळं खरं सांगितलंच पाहिजे. ती माणसं मेलेली असतात, आई. बाबा जिवंत आहेत."

कुमुद ओटा पुसत राहिली. आपण आधी खोटं वाचलं आणि त्यामुळेच हे झालं, हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगून तो कमी रागावला असता असं नव्हतं.

पुस्तक वाचनालयात द्यायची वेळ टळून गेली होती. ते कपाटावर पडून होतं. दुपारी ती खिडकीपाशी बसायची, पण हातात काही घ्यायची नाही. खालच्या रस्त्यावर डंपर जायचे. पलंगावर तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायचा. असे कितीतरी दिवस गेले. पौष गेला, माघ लागला.

मग एक दिवस तो म्हणाला, "वाच." आता त्याचं बोलणं तिच्याशिवाय फार थोड्यांना कळायचं.

"काय वाचू?"

"तांडेलाचा शेवट. लिवलाय तसा."

तिने पुस्तक काढलं आणि लिहिलं होतं तसं वाचलं. वखार, काथ्याचा ढीग, परत न आलेले सोबती. जखमांपाशी ती अडली. बाळाराम वाट बघत राहिला. ती पुन्हा सुरू झाली आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेली. तिला वाटलं आता तो भिंतीकडे तोंड करेल. पण तो काहीतरी विचार करत होता.

"त्याला पानी कोन पाजत व्हतं?"

"हे लिहिलेलं नाय."

"दोन पावसाले जगला." तो दम घेत होता. "हात नाय, पाय नाय. कोनीतरी पाजलं असंल. रोज. मुंग्या झाडल्या असतील. मास्तरांनी इचारलं नाय."

कुमुद त्याच्याकडे बघत राहिली. चरित्रांतली न लिहिलेली माणसं शोधण्यात जिचा जन्म गेला, तिला त्या वखारीत तांडेलाशिवाय कोणी दिसलंच नव्हतं.

"मला पेज दे," बाळाराम म्हणाला.

तिने पातळ पेज करून आणली आणि चमच्याने भरवली. ती भरवत असताना तो रडला. डोळे पुसायला त्याला हात नव्हते, म्हणून तेही तिनेच केलं. माफीबिफी कोणी मागितली नाही.

पनवेलचे डॉक्टर मध्यंतरी घरी येऊन गेले होते. श्वास कमी पडायला लागेल तेव्हा गळ्याला छिद्र पाडून मशीन लावता येईल, वर्षानुवर्षंही ठेवता येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. बाळारामने पुढच्या रविवारी निकेशला पलंगाजवळ बोलावलं. तो बोलत होता आणि कुमुद त्याचं बोलणं फोड करून सांगत होती. गळ्याला भोक नको. मशीनवर नको. इस्पितळात न्यायचं नाही.

"बघू आपण, बाबा," निकेश म्हणाला. "तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघू नाय. हो बोल."

निकेश उठून गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला. मनस्वी मागे गेली. बाळारामने नजर कुमुदवर आणली.

"हो," कुमुद म्हणाली.

होळीपर्यंत वाचा गेली. पुढे तो पापण्यांनी बोलायचा. कुमुद दोन पुस्तकं त्याच्यापुढे धरायची आणि तो एकाकडे बघून पापणी मिटायचा. रोज दुपारी ती वाचत राहिली. काही दिवस तो ऐकता ऐकता झोपी जायचा, काही दिवस ऐकायचा नाही हे तिला कळायचं, पण वाचन थांबवलं की त्याचे डोळे तिला शोधायचे. कसं मरायचं हे कळावं म्हणून तो मरणाची प्रकरणं ऐकतो असं निकेशला वाटे. तसं नव्हतं. त्याला गलबतं, तोफा, पूल, धरणं यांतच रस होता.

चैत्रात त्याच्या छातीत कफ भरला. सकाळपासूनच श्वास घरघरू लागला आणि ऊन वर आलं तसा तो ओढून ओढून घ्यायला लागला. कुमुदने डॉक्टरांना फोन केला, निकेशला फोन केला. डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं इंजेक्शन द्यायला नर्स आली. त्याने थोडी गुंगी आली, पण पुरेशी नाही. बाळारामचे डोळे मोठे झाले होते आणि ते कुमुदवरून हलत नव्हते. तिने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

निकेश ॲम्ब्युलन्स घेऊनच आला. "स्ट्रेचर वर आणतायत," दारातून तो म्हणाला.

"नाही न्यायचं," कुमुद म्हणाली.

"आई, बाजूला हो. ते गुदमरतायत. तुला दिसत नाही का?"

"दिसतंय. त्यांनी नको सांगितलंय. तुझ्यासमोर सांगितलंय."

"तू मारतेस त्यांना," निकेश म्हणाला. त्याचा आवाज मोठा झाला नव्हता. उलट तो फार हळू बोलला. दारात स्ट्रेचर घेऊन आलेली माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मनस्वीने त्यांना थांबायला सांगितलं. निकेश पुढे आला, बापाच्या तोंडाजवळ वाकला आणि म्हणाला, "बाबा, जायचं ना हॉस्पिटलला? पापणी मिटा." बाळारामने डोळे ताणून उघडे ठेवले. ते लाल झाले, त्यांतून पाणी आलं, पण त्याने ते मिटले नाहीत. निकेश खाली जमिनीवर बसला.

सोपं काही झालं नाही. दुपार कलेपर्यंत ते चाललं. मग दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एका श्वासानंतर पुढचा आला नाही. कुमुदने मांडी काढायला बराच वेळ लावला.

निकेशने सगळे विधी नीट केले. तेराव्यानंतर त्याने येणं बंद केलं. मनस्वी फोन करायची, जेवण झालं का विचारायची, आणि मागून निकेशचा आवाज आला की लवकर ठेवून द्यायची. नात्यातले लोक कुमुदकडे बघताना थोडे थबकायचे. दवाखान्यात नेलं नाही, ही गोष्ट गावच्या लोकांत पसरली होती. शोभासुद्धा एकदा म्हणाली, "मी असते तर मला नसतं जमलं." त्याचा अर्थ कुमुदने विचारला नाही.

तांडेलाचं पुस्तक तिने परत केलं. सुमतीबाईंनी उशिराबद्दल अक्षर काढलं नाही. तिने दुसरं नेलं, एका संस्थानिकाचं. दुपारी ती खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं, मनातल्या मनात वाचणं तिला जमत नव्हतं. ओठ हलत होते. रिकाम्या खोलीत तिने मोठ्याने वाचून बघितलं, ते त्याहून वाईट होतं. ती पुस्तकं आणायची, अर्धी वाचायची, माणूस ऐन भरात असतानाच मिटून परत द्यायची. एका दुपारी मात्र त्या संस्थानिकाने आंबे कापण्याच्या पद्धतीवरून आचाऱ्याशी धरलेला अबोला वाचताना ती खुदकन हसली. हसू बाहेर पडलं आणि ती दचकली. पुस्तक तिने दोन दिवस हातात घेतलं नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. निकेश होता. तो बारीक झाला होता. आत येऊन तो उभाच राहिला. पलंग काढून टाकला होता त्या जागेकडे त्याने बघितलं आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. कुमुदने पाणी दिलं. ते त्याने हातात धरून ठेवलं.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "खरं सांग."

"विचार."

"त्यांना भीती वाटत होती?"

"हो," कुमुद म्हणाली.

"खूप?"

"खूप. शेवटी इंजेक्शनने जरा कमी झाली असेल. मला नक्की नाही माहीत."

निकेशने मान खाली घातली. "मी नेलं असतं तर?"

"जगले असते. काही महिने, कदाचित काही वर्षंही. गळ्याला नळी घालून."

"आणि त्यांना ते..."

"नको होतं. पण श्वास अडकल्यावर त्यांचं मन बदललं होतं का, ते मला कळायला मार्ग नव्हता. तू विचारलंस तेव्हा डोळे नाहीत मिटले, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्यावरच मी राहिले."

निकेशने पेला दोन्ही हातांत फिरवला. मग त्याने पाणी प्यायलं आणि बाहीने तोंड पुसलं. "मी तुला जे बोललो..."

"बोललास. मी ऐकलं." कुमुद उठली. "जेवलायस?"

"नाही."

ती आत गेली. सुकटीचं कालवण सकाळचं होतं, ते तिने गॅसवर ठेवलं आणि तांदूळ धुवायला घेतले. बाहेरून निकेश म्हणाला, "मनस्वी खाली गाडीत बसलीय. मी म्हटलं, आधी मी एकटा जातो."

"एवढ्या उन्हात?" कुमुद म्हणाली. हात पदराला पुसत ती खिडकीशी गेली आणि खाली वाकून सुनेला हाक मारली.